मारुतीला परस्पर दिलेले हात

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी पुलगावात एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, मांडवात उभा राहून, माइक हातात धरून, नवऱ्या मुलाच्या काकांची नक्कल करत होतो. लग्नाकार्यात निवेदन करणं, पाहुण्यांना हसवत ठेवणं, पंगत उशिरा बसणार असेल तर तोवर त्यांना भूक विसरायला लावणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. खिशातला फोन थरथरला. मी दुर्लक्ष केलं. तो पुन्हा थरथरला, आणि मी काकांना तसंच अर्धवट सोडून मांडवामागे, आचाऱ्याच्या कढयांजवळ गेलो. कारण आमची कमलमामी एकदा फोन उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा करणाऱ्यांतली नव्हे. "दिलीप, तुहे मामा गेले रे," ती म्हणाली. "जेवले, आडवे झाले. मी चहा घेऊन गेली तं..." मग आवाज सावरून म्हणाली, "तुहा कार्यक्रम पुरा कर अन् मंगच येजो. लोकायले अर्धं हासवून आला तं त्याईले नाई आवडणार." मी परत गेलो आणि काकांची नक्कल पुरी केली. त्या दिवशी मी फार रंगात होतो असं सगळे म्हणाले. वर्ध्याकडे गाडी चालवताना मात्र लक्षात आलं, की तो सगळा प्रसंग, ते काका, त्या कढया, तो फोन, मी मनातल्या मनात नीट जुळवून ठेवतोय... आणि जुळवतोय ते मामाला सांगण्यासाठी.

शामरावमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. बोरगाव मेघेच्या पलीकडे त्याचं भाजीपाल्याचं वावर. वांगी, पालक, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही वावरात इडली शोधत बसाल. चहूबाजूंनी घरांच्या प्लॉटांचे लेआउट पडत गेले, पण मामाचं वावर मधोमध हिरवंच राहिलं. बांधावरच्या कडुलिंबाखाली शेंदूर फासलेला एक मारुती आहे. आता त्याच्या एका बाजूला मामाची वांगी आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी दुमजली घराची पाण्याची टाकी. या मारुतीच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माझ्या मामाचा देवावर विश्वास नव्हता. मात्र तो वाद घालणारा नास्तिक नव्हे. आरतीच्या वेळी तो टाळ्या वाजवत नसे आणि तोंडही वाकडं करत नसे. बाहेर चपलांपाशी उभा राहून पायरी उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना हात देत असे. प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा आणि मन लावून खायचा. "काहो शामराव, देव नाई चालत अन् शिरा कसा चालते?" असा कोणी टोमणा मारला की म्हणायचा, "शिरा मानतो ना बापा. शिरा तं समोर दिसून राह्यला."

आता खरी गंमत ऐका. आमच्याकडे नवस फेडायचा म्हणजे रोडगे करायचे. कणकेच्या पोळ्या तेल लावून एकीत एक गुंडाळायच्या, त्यांचा गोळा वळायचा, गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा आणि त्या निखाऱ्यांत, राखेत तो गोळा भाजायचा. मग राख झटकून फोडायचा, वर तूप सोडायचं, सोबत वांग्याची भाजी नि वरण. देवाला नैवेद्य, गावाला जेवण. आणि त्या सगळ्या भागात मामासारखा जगरा कोणालाच जमत नसे. त्याचा रोडगा बाहेरून करपला नाही आणि आतून कच्चा राहिला नाही. त्यामुळे कोणाची मुलगी परीक्षा पास होवो, कोणाची म्हैस सुखरूप विओ, नवस फेडायची वेळ आली की सारे भाविक आमच्या नास्तिकाच्या दारात! मामा हौसेनं जायचा, वांगीही स्वतःच्या वावरातली न्यायचा, घामाघूम होऊन रोडगे भाजायचा आणि नैवेद्याचं ताट भरलं की घरमालकाच्या हाती द्यायचा. "हे आता तुमचं काम. माहं काम आगीपर्यंत."

असा माणूस देव का मानत नाही, हा आमच्याकडचा आवडता प्रश्न होता. लोकांना वाटायचं, काहीतरी जखम असणार, देवावर राग असणार. मामा-मामीला मूलबाळ झालं नाही. बायकांनी तेच कारण ठरवून टाकलं. मामाच्या कानावर आलं तेव्हा तो म्हणाला, "मंग कमल काऊन मानते? जेवढं मले नाई झालं तेवढंच तिलेही नाई झालं." प्रश्न तिथं संपायला हवा होता. पण लोकांची भूक संपली नाही, आणि लोक भुकेले असताना माझ्यासारख्यानं गप्प बसायचं म्हणजे धंद्याशी बेइमानी. मी वेगवेगळ्या गावांसाठी वेगवेगळी कारणं तयार केली. पुलगावात सांगायचो, की मामा तरुणपणी तिथल्या लष्करी डेपोत दारूगोळ्याच्या पेट्या उचलायच्या कामाला होता. दसऱ्याला हळदकुंकू लावलेली पेटी आणि न लावलेली पेटी, दोन्ही त्याच्या खांद्याला सारख्याच जड लागल्या, आणि तिथंच त्याचा देव गेला. सिंदीत कापूसवाल्यांपुढे सांगायचो, की देवळाच्या भरवशावर कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, सोडून मामा चहा प्यायला गेला, परत येतो तो बैल आहेत नि बंडी नाही. वर्ध्यात शिकलेल्या मंडळींसाठी जाडजूड पुस्तकं वाचणारा एक मामा वेगळा ठेवला होता. एका लग्नात माझी पेट्यांची गोष्ट चालू असताना मामा स्वतःच मागच्या खुर्चीवर येऊन बसला. मी थिजलो. जेवताना तो माझ्या कानाशी लागला, "चांगली आहे. फक्त पेटी अजून थोडी जड कर. मंग खांद्याले हात लावून दाखवता येईन."

हसण्यावारी जाणारा हा विषय एकदा मात्र घरात घुसला. मामीच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्या वेळची गोष्ट. मामीचा थोरला भाऊ गुलाबभाऊ सिंदीहून धावत आला. भाबडा, रडवा, जीव लावणारा माणूस. बहीण आत, आणि हा दवाखान्याच्या व्हरांड्यात डोळे मिटून बांधावरच्या मारुतीला आळवत बसलेला. आता देवाला द्यायचं म्हणजे आपल्या ओळखीतलं सगळ्यात चांगलं ते द्यावं, असा त्याचा सरळ हिशेब. आणि गुलाबभाऊच्या जिभेला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली वस्तू कोणती? मामाच्या हातचा रोडगा! तो बोलून गेला, "मारोतीराया, माही बहीण वाचू दे, आमचे जवाई सोताच्या हातानं रोडगे भाजून तुले जेवू घालतीन." मामी बरी होऊन घरी आली आणि गुलाबभाऊ उजळलेल्या चेहऱ्यानं वावरात हजर झाला. मी तिथंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो होतो.

"अजी शामराव, तुमच्या नावानं बोललो मारोतीले. त्यानं त्याचं केलं. आता तुमी तुमच्या हातानं रोडगे तेवढे टाका."

मामानं तोडलेलं वांगं टोपल्यात ठेवलं. दोन्ही पंजे पुढे धरून उलटेपालटे करून पाहिले. "हे हात? मले न विचारता देऊन आले? अन् ज्याले दिले त्यानंही विचारलं नाई, की बावा, ज्याचे हात त्याले मंजूर आहे काय म्हून?"

"तुमाले काय जड आहे जी? गावभर भाजत फिरता!"

"गावाचं भाजतो तो हातभार, गुलाबभाऊ. त्याईचा देव, त्याईचा नवस, माहा जगरा. पण माह्या नावचा नवस म्या फेडला, म्हंजे म्या म्हटलं की हो, तिथं कोणी आहे, त्यानं आयकलं, त्यानं कमलले वाचवलं. मले तसं वाटत नाई. मारोतीची अन् माही वळख नाई, त्याच्यासंगं खोटं बोललो तं बिघडते काय? पण बाजूले कमल हात जोडून उभी राहीन ना. ते तिच्यासंगं खोटं बोलणं होईन."

गुलाबभाऊ रडला, रागावला, जेवला आणि सिंदीला परत गेला. मामा पुन्हा वांगी तोडायला लागला. अडकली ती मामी. न फेडलेला नवस उलटतो, आणि ज्याच्या नावानं बोलला त्याच्यावरच उलटतो, हे तिच्या मनात पक्कं. विहिरीची मोटर जळाली, मामीनं मारुतीकडे पाहिलं. वांग्यावर अळी पडली, मामीनं मारुतीकडे पाहिलं. मामाला साधी शिंक आली तरी तिची नजर कडुलिंबाखाली. "फवारणी चुकली वो," मामा म्हणे, "त्याचं काई नाई त्याच्यात." मामी ऐकून घेई आणि शनिवारी तेल वाहताना मारुतीकडे मुदत वाढवून मागे. एवढा पोळा होऊ दे, एवढी दिवाळी होऊ दे. मामाला तिनं कधी एका शब्दानं गळ घातली नाही. मला मात्र एकदा म्हणाली, "माह्या जिवासाठी बोललेला नवस, दिलीप, अन् त्याईच्या जिवावर बसला. मले झोप कशी लागन?"

ते ऐकून माझ्यातला नाटक्या जागा झाला. मी कट रचला. मी नवी गाडी घेतली होती. तिच्यासाठी मारुतीला नवस बोललो होतो अशी थाप मारायची, रोडग्यांना मामाला बोलवायचं, तो भाजणार त्याच्याच हातानं, मामी मनातल्या मनात नवस फेडून घेणार, आणि मामाला तूप लागलेल्या बोटांपलीकडे काही कळणार नाही! गुलाबभाऊ तर आनंदानं नाचायचा बाकी होता. मामी कशीबशी हो म्हणाली. ठरल्या दिवशी सकाळी कडुलिंबाखाली सगळे जमलो. कणीक मळून झाली, गोळे वळून झाले. मामानं बाह्या सरसावल्या, गोवऱ्या रचायला बसला आणि आगपेटीसाठी त्यानं हात पुढे केला. मामी आगपेटी मुठीत धरून उभीच.

"थांबा," ती म्हणाली. "हे रोडगे दिलीपचे नाई. तुमचे आहे."

गुलाबभाऊनं कपाळावर हात मारून घेतला. "काऊन सांगतलं वो बाई! होऊन जात होतं ना आता!"

"मारोतीनं पोटात घातलं असतं रे," मामी म्हणाली. "पन याईले मंग कधी समजलं असतं, तं मी याईच्या तोंडाकडे कशी पाह्यली असती?"

मामा उकिडवा बसला होता तसाच बसून राहिला. माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नाटक पडलेल्या नटाकडे प्रेक्षक पाहतो तसं काहीसं होतं. मग गोवऱ्यांपासून जरा सरकून त्यानं जागा केली. "कमल, इकडे बस. तुले जगरा शिकवतो." आणि त्या दिवशी मी जे पाहिलं ते मला कुठल्याही मांडवात साभिनय करून दाखवता येणार नाही, इतकं ते मजेशीर होतं. मामा दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून जगऱ्याभोवती फिरत होता, उगाच कोणी नंतर म्हणायला नको की याचं बोट लागलं होतं. "हे गोवरी आडवी. अवो, आडवी! आता हवा लागू दे. राख लोट, राख..." मामीच्या डोळ्यांतून धुरानं पाणी वाहत होतं, ती त्याच्यावर खेकसत होती, "मंग तुमीच करा ना!" आणि तो हात आणखी घट्ट बांधून म्हणत होता, "तेच तं नाई करता येत ना!" निम्मे रोडगे करपले, निम्मे कच्चे राहिले. करपलेले सगळे मामानं खाल्ले. नवस मात्र तिथंच राहिला.

जेवणं झाल्यावर सगळे पांगले. मामा कडुलिंबाला टेकून बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो आणि इतकी वर्षं गंमत म्हणून ज्याची उत्तरं बनवत आलो तो प्रश्न पहिल्यांदाच सरळ विचारला. "मामा, खरं सांग. काऊन नाई मानत तू?"

त्यानं दातात काडी घातली. "लहानपणी बुढीसंगं, तुह्या आजीसंगं, देवळात जात होतो. ती म्हणे, डोये मिट, देव समोर येते. मी मिटो. फरशी थंडी लागे अन् भूक लागे. बाकी कोणी नाई येत. डोये किलकिले करून पाह्यलं, तं बुढीचं तोंड असं झालतं... जसं कोणी तिच्या डोक्यावरून हात फिरवून राह्यलं. मले वाटलं माहंच काई चुकते. कोणाले शिटी वाजवता नाई येत ना, तसं. म्हून लै दिवस म्या म्हणत राह्यलो, की हो, मलेही दिसते. मंग एक दिवस त्या खोट्याचा कंटाळा आला."

"मंग राग नाई आला?"

"कोणावर? बोरगावले समुद्र नाई म्हून तू रागावतं काय?"

"एवढंच?"

"एवढंच."

माझा चेहरा पडलेला पाहून तो खो-खो हसला. "नाई चालणार ना तुह्या मांडवात? तू पेटीचीच सांगत जा." मग भांडी घासत बसलेल्या मामीकडे पाहत म्हणाला, "मी गेल्यावर तिले जे बरं वाटीन ते करू दे. गरुडपुराण लावो, कावळे जेवू घालो. पन कोणी म्हटलं ना, की शामराव आतून मानत होता... तं तेवढं खोटं आहे म्हणजो."

मामा गेला, आणि तेरवीला नेमकं तेच झालं. एक निवृत्त गुरुजी बोलायला उठले. फार सुंदर बोलले. "शामराव वरून नास्तिक होते, पण आतून आपल्या सगळ्यांपेक्षा मोठे भक्त होते. नाहीतर दुसऱ्यांच्या नवसांसाठी असा धुरात कोण बसतो?" मांडवभर माना डोलल्या. मी माइकजवळच होतो, आणि माझ्या व्यवसायाची खोड पाहा, मलाही ते वाक्य आवडलं. टाळीचं वाक्य होतं. मी तोंड उघडावं की नाही या विचारात असतानाच बायकांच्या बाजूनं आवाज आला. माइक नाही, काही नाही. "नाई जी, गुर्जी. नव्हते मानत." मामी बसल्या जागी, पदर सावरून बोलत होती. "धुरात बसत ते तुमच्यासाठी बसत. लै चांगले होते. पन मानत नव्हते." गुरुजी चपापले. मामीच्या शेजारची एक म्हातारी म्हणाली, "खरं आहे माय," आणि मंडळी वाढायला उठली.

त्यानंतर काही दिवसांनी गुलाबभाऊ सिंदीहून आला. आता तो थकलाय, बोलताना मान हलते. त्याची झोप उडाली होती. ज्याच्या नावानं नवस तो माणूस गेला. आता नवस उलटणार तर बहिणीवरच. वाटेत त्यानं तोडगाही काढला होता. "भाच्याचे हात ते मामाचेच हात. दिलीप भाजन." मी लगेच बाह्या वर केल्या. मामीनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "याचे हात त्याईचे कसे होईन? याले तं चहा करता येत नाई." आणि तीच उठली. कणीक मळली, गोवऱ्या काढल्या, कडुलिंबाखाली जगरा लावला. आम्ही दोघं नुसते बघत होतो. गोवऱ्या आडव्या, हवा मोकळी, राख वेळेवर लोटलेली. राखेतून रोडगे निघाले ते तांबूस, एकसारखे. गुलाबभाऊ पाहतच राहिला. तिनं ताट वाढलं, मारुतीपुढे ठेवलं, पण हात जोडले नाहीत. शेजारणीच्या घरी काही सांगायला जावं तशी ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"मारोतीराया, हे त्याईच्या हातचे नाई, माह्या हातचे आहे. माह्या भावानं तुले जे कबूल केलं ते त्याचं नव्हतंच द्याले. त्याईले कोणी विचारलं नव्हतं. म्या इतके साल तुह्यापाशी मुदत मांगतली, तेही चुकलं. हे पहिलेच सांगाले पाह्यजे होतं. त्याईनं तुह्यासंगंही लबाडी नाई केली अन् माह्यासंगंही नाई. माहं जेवण गोड मानून घे. अन् ते हात आता सोड."

माझ्या धंद्यात अशा वेळी मारुतीच्या डोक्यावरचं फूल हमखास खाली पडतं. पडलं नाही. पलीकडच्या घराची टाकी भरून पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज. गुलाबभाऊनं कुजबुजत विचारलं, "काय झालं? सोडले?"

"काई नाई बोलला," मामी म्हणाली.

"मंग?"

"मंग झालं. नाई म्हणाचं असतं तं काई ना काई केलं असतं त्यानं. त्याईचंही तसंच होतं. पटलं नाई की शंभर गोष्टी सांगत. पटलं की चुप." ती उठली, पदरानं हात पुसले, आणि पहिला रोडगा फोडून तिनं भावाच्या ताटात घातला. गुलाबभाऊ जेवला. किती दिवसांनी पोटभर जेवला असेल, कोण जाणे.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा मामी ओसरीवर बसली होती. मामाची खाट भिंतीला लागून होती, गादी गुंडाळलेली. त्या खाटेकडे न पाहताच, रोजच्यासारखी, ती म्हणाली, "मेथी उद्या काढून घ्यावं म्हणते..." आणि क्षणभर थांबली. कोणीच काही बोललं नाही. मग तिनं फळीवरचा विळा उतरवून उंबऱ्यापाशी काढून ठेवला.